मोठी पिशवी: वाटेत उघडू नये, घरी सहज उघडावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाळीव प्राण्यांच्या कोरड्या खाद्याची १५ किलोची पिशवी आहे. बाहेर पॉलिएस्टर, आत पॉलिथिलीन असं लॅमिनेट, दोन्ही बाजूंना गसेट (आत घडी घातलेली, भरल्यावर उघडणारी बाजू), वरचं तोंड उष्णतेने सील केलेलं. ग्राहकांची तक्रार अशी की सुरी-कात्रीशिवाय ती उघडत नाही, आणि जोर लावला की भलतीकडेच फाटून निम्मा माल जमिनीवर येतो. म्हणून तुम्ही सील हलकं केलं, प्रयोगशाळेत ते पासही झालं, पण पिशव्या ट्रकमध्येच उघडल्या. आता तुम्हाला मजबूतही असेल आणि सहज उघडेलही असं मटेरियल हवं आहे.

मटेरियलचं उत्तर मी शेवटाकडे देतो, कारण तुमचं दुखणं तिथे नाही. सगळं सील सरसकट हलकं करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पिशवीला वाटेत फोडू पाहणारा जोर आणि ग्राहकाच्या हाताचा जोर, हे दोन वेगळे जोर आहेत. ते वेगळ्या जागी, वेगळ्या दिशेने लागतात. डिझाइन करणाऱ्याच्या हातात जी काही युक्ती आहे ती या फरकातच आहे. दोन्ही जोर एकाच जागी, एकाच दिशेने लागू दिले, की मग एक वाढवलं तर दुसरं कमी होणारच, आणि मटेरियल कितीही महाग घेतलं तरी ते टळत नाही.

साधं उदाहरण घ्या. भिंतीला चिकटवलेली चिकटपट्टी खाली ओढा, ती जागची हलत नाही. तिचा कोपरा नखाने उचला, सरसर निघून येते. चिकटपणा तोच, पट्टी तीच. पहिल्या वेळी सगळा पृष्ठभाग एकदम झुंजत होता, दुसऱ्या वेळी फक्त एक बारीक रेघ झुंजत होती.

आता तुमच्या पिशवीचे आकडे मांडू. १५ किलो म्हणजे साधारण १५० न्यूटन. पिशवीची रुंदी मी ४० सेंटिमीटर धरतो. पिशवी डोक्यावर उभी केली आणि सगळा भार वरच्या सीलवर आला असं समजलं, तर १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीमागे जवळपास ५.६ न्यूटन येतात. (सीलची ताकद मोजताना १५ मिलिमीटरची पट्टी कापायची रीत आहे, म्हणून तोच आकडा घेतला.) पण पिशवी नुसती उभी राहत नाही, ती आपटते. एक मीटरवरून पडलेल्या १५ किलोत सुमारे १४७ ज्यूल ऊर्जा असते, आणि माल जर १० सेंटिमीटरच्या आत थांबला तर सरासरी जोर वजनाच्या दहापटीच्या पुढे जातो. त्यातला बराचसा जमीन घेते, उरलेला भिंती आणि सील वाटून घेतात. किती वाटून घेतात ते कागदावर नेमकं काढता येत नाही. मी पहिल्या आराखड्यात स्थिर भाराच्या पाचपट धरतो आणि खरं उत्तर ड्रॉप टेस्टला, म्हणजे भरलेली पिशवी उंचावरून टाकून बघण्याच्या चाचणीला, विचारतो. म्हणजे झाले २८ न्यूटन, दर १५ मिलिमीटरला.

हे सील ग्राहकाने तोंडाच्या दोन्ही बाजू मधोमध धरून, संपूर्ण रुंदीवर एकदम फाकवायचं म्हटलं तर ४०० मिलिमीटरला जवळजवळ ७५० न्यूटन लागतील. पंचाहत्तर किलोचा जोर! कोणाच्या बापाला उघडणार नाही. पण तेच सील एका कोपऱ्यापासून, पुस्तकाचं पान उलटावं तसं लांबीच्या दिशेने सोलत नेलं, तर कोणत्याही क्षणी झुंजणारी रेघ फक्त सीलच्या उंचीइतकी असते. सील १५ मिलिमीटर उंच असेल तर २८ न्यूटन, म्हणजे तीन किलोहूनही कमी. मालाचा भार सीलवर आडवा येतो, ४०० मिलिमीटरच्या आघाडीवर. हाताने मात्र सीलच्या लांबीतून चालायचं, १५ मिलिमीटरच्या आघाडीवर. सील एकच, आणि फरक पंचवीसपटीहून जास्त.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मला स्वतःला उशिरा कळली. एका ग्राहकाच्या पिशव्या फुटत होत्या म्हणून मी सीलची उंची १० वरून २५ मिलिमीटर करायला लावली होती. नवे जॉ (फिल्म दाबून सील करणारे मशीनचे गरम जबडे) बनवले, खर्च झाला, पिशव्या तशाच फुटत राहिल्या आणि वर उघडायला अडीचपट जड झाल्या. कारण सोलणारा भार नेहमी सीलच्या आतल्या कडेवर येतो. ती कड सुटली की पुढची रेघ, मग त्याच्या पुढची. मागे किती उंची उभी आहे याचं त्या कडेला काही देणंघेणं नसतं. जास्त उंचीने गळती थांबायला मदत होते, सीलमध्ये एखादा कण अडकला तर सांभाळून घेतलं जातं, एवढंच. तुमच्या सीलची उंची किती आहे ते आधी पाहा. २० मिलिमीटरच्या वर असेल तर ती ताकद देत नसून नुसता त्रास देते आहे, असं समजायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सोलता येणारं सील लावू आणि कोपऱ्यावर धरून ओढायला जीभ ठेवू, संपलं काम. लहान पिशवीला मी हेच सांगेन. १५ किलोला, केवळ सोलणाऱ्या सीलच्या भरवशावर, मी नाही सांगणार. कारणं सांगतो.

सोलणारं सील बनवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे आतल्या पॉलिथिलीनच्या थरात त्याच्याशी पूर्ण एकजीव न होणारं दुसरं प्लास्टिक, बहुतेक वेळा पॉलिब्युटीन-१, थोडं मिसळणं. सील जुळतं, पण ओढलं की त्या मिश्रणातच भेग पडून सुटतं. हे मिश्रण चांगलं असेल तर जॉचं तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झालं तरी सीलची ताकद एका पातळीवर राहते. पण मोठ्या पिशवीच्या तोंडाशी गसेटमुळे कडेला चार थर आणि मधे दोन थर असतात. चार थरांना पुरेल इतकी उष्णता दिली तर मधले दोन थर जास्त भाजतात, मधल्यांना बेतून दिली तर कडा कच्च्या राहतात. आणि तुम्हाला सोलायला सुरुवात करायची आहे ती नेमकी त्याच चार थरांच्या कोपऱ्यातून. म्हणून तक्रारी अशा येतात: ‘काही पिशव्या लगेच उघडतात, काही अजिबात नाहीत.’ तक्रार तशी असेल तर आधी जॉचं तापमान दोन्ही टोकांना आणि मधे मोजा.

दुसरं कारण वेळ. सोलणारं सील एका झटक्याला टिकतं, पण गरम गोदामात, वर पाच-सहा थर रचलेले असताना, आठवडेच्या आठवडे येणाऱ्या मंद ताणाखाली हळूहळू सरकतं. प्रयोगशाळेत ताजी पट्टी ओढून हे दिसत नाही. तिथे ओढण्याचा वेग मिनिटाला साधारण ३०० मिलिमीटर असतो. एक मीटरवरून पडणारी पिशवी जमिनीला टेकताना त्याच्या सुमारे ९०० पट वेगात असते, आणि गोदामातला ताण त्याच्या उलट, अगदी कासवाच्या चालीने येतो. तीनही वेगांना सील वेगवेगळं वागतं. तुमचं हलकं केलेलं सील प्रयोगशाळेत पास झालं आणि ट्रकमध्ये उघडलं, त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

म्हणून माझा कल असा: एवढ्या वजनाला वरचं सील पक्कं ठेवा, वेल्डसारखं, आणि उघडण्याची जागा सीलपासून वेगळी काढा. म्हणजे सोलणं नाही, फाडणं.

फाडण्याचंही गणित वर सांगितलं त्याच जातीचं आहे. कापड नुसतं ओढून फाटत नाही. पण कात्रीने काठाला बारीक चीर दिली की एका हिसक्यात सरळ फाटत जातं. सुरुवात अवघड, पुढचा प्रवास सोपा. पॉलिएस्टर फिल्म या बाबतीत कापडासारखीच आहे: अखंड असताना चिवट, चीर पडली की धावत सुटते. आतलं पॉलिथिलीन मात्र, त्यातही लिनिअर लो डेन्सिटी जातीचं, चीर पडली तरी फाटत नाही, ताणतं. लांब दोऱ्यासारखं खेचत राहतं. तुमच्या पिशवीत बाहेरचा थर एकीकडे धावतो, आतला ओढून धरतो, आणि फाट वळत वळत खाली मालाकडे जाते. ग्राहकाने चुकीचं काही केलेलं नसतं, फिल्मला वाट आखून दिलेली नसते इतकंच.

वाट आखून द्यायचे दोन मार्ग मी वापरतो. पहिला, लेसरने ओरखडा. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण पॉलिएस्टर जोराने शोषून घेतं, पॉलिथिलीन जवळजवळ आरपार जाऊ देतं. त्यामुळे बाहेरच्या थरावर एक बारीक रेघ जाळता येते आणि आतला थर, जो पिशवीचा खरा भार आणि ओलावा सांभाळतो, शाबूत राहतो. दिसायला सुबक, मशीन चालू असतानाच होणारं काम. पण मोठ्या पिशवीचा आतला थर जाड असतो, १०० मायक्रॉन किंवा त्याहून जास्त, आणि तो ताणतोच. ओरखडा दिशा दाखवतो, ताकद लावायला मदत करत नाही. माझ्या अनुभवात १५ किलोच्या जाडीला नुसता ओरखडा अपुरा पडतो.

दुसरा मार्ग टिअर टेप, आणि तुमच्यासाठी मी तोच निवडेन. पिशवीच्या आतल्या बाजूने, वरच्या सीलखाली चार-पाच सेंटिमीटरवर, काही मिलिमीटर रुंदीची, फिल्मपेक्षा कितीतरी मजबूत अशी पट्टी आडवी चिकटवलेली असते. ती ओढली की फिल्मला आतून कापत बाहेर येते. फाट पट्टीच्या मागे जाते, मग पॉलिथिलीन कितीही ताणो. आणि गंमत अशी की ओढेपर्यंत ही पट्टी पिशवीला कमजोर करत नाही, उलट त्या रेषेवर थोडा आधारच देते.

कमजोरी येते ती पट्टीच्या टोकाला. तिथे बोटात धरायला जीभ हवी, आणि जीभ करायची म्हणजे फिल्मला इंग्रजी यू अक्षरासारखी चीर द्यावी लागते. पिशवी त्याच कडेवर आपटली की चीर आत धावते. या चिरेने मला जितकं छळलंय तितकं दुसऱ्या कशानेच नाही. चिरेच्या टोकाला गोलाई द्या, टोकदार कोपरा ठेवू नका, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण खरा उपाय म्हणजे चीर भाराच्या वाटेतच ठेवायची नाही. पिशवीच्या चारही उभ्या कडांना सील करून बाहेर झालर काढलेली असेल, तर त्या झालरीत चीर द्या. मघाशी म्हटलं ना, भार सीलच्या आतल्या कडेवर येतो; तिच्या बाहेरची झालर रिकामटेकडी असते. तिथे चीर पडली तरी पिशवीला पत्ता लागत नाही. तुमच्या पिशवीला अशा कडा आहेत की साधं गसेट आहे, ते प्रश्नात कळत नाही. साधं असेल तर पुढच्या ऑर्डरला चार कडांच्या सीलची पिशवी मागवा. ती शेल्फवर उभीही ताठ राहते.

पट्टी चारही बाजूंनी फिरवायचा मोह टाळा. फक्त पुढच्या बाजूवर असली तरी तोंड हात घालण्याइतकं मोठं होतं, आणि १५ किलोच्या पिशवीतून माणूस बहुधा मापाने काढतो, ओतत नाही. गसेटच्या घड्यांमधून टेप ओढणं म्हणजे चार थरांशी पुन्हा तीच कुस्ती.

कागदी पिशव्यांचा विचार केलाय का, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं आहे. कागदाची जमेची बाजू अशी की तिथे तोंड बंद करताना वरची कड दुमडून पिशवीच्या पाठीवर चिकटवता येते. दुमडून चिकटवलं की मालाचा भार चिकटलेल्या जागेला सोलत नाही, घसरवू पाहतो, आणि घसरवायला सगळा पृष्ठभाग एकदम हरवावा लागतो. ग्राहक मात्र घडीची कड उचलून सोलतो. चिकटपट्टीचं उदाहरण जसंच्या तसं. ही रचना मला व्यक्तिशः सगळ्यात आवडते. फिल्मच्या पिशवीतही करता येते, पण घडी घालून चिकटवणारं मशीन तुमच्याकडे नसेल तर ती गुंतवणूक वेगळी.

कागदाबद्दल एक अवांतर. पोत्याच्या कागदात लोक ताणाची ताकद बघतात, पण आपटल्यावर टिकायचं तर कागदाला थोडं ताणता यायला हवं, म्हणजे झटका गिळता येतो. कापड आधीच आकसवून ठेवण्याची पद्धत ज्यांनी शोधली त्या सॅनफर्ड क्लुएट यांनीच तीच कल्पना कागदाला लावली. ओला कागद त्याच्याच लांबीच्या दिशेने दाबून आकसवायचा, सूक्ष्म सुरकुत्या पाडायच्या. क्लुपाक नावाने तो कागद ओळखला जातो. कमी थरांत जास्त आपट सोसतो. फिल्मलाही हेच लागू आहे. कडक आणि मजबूत यात गल्लत करू नका. न ताणणारी फिल्म ओढ-चाचणीत भाव खाते आणि जमिनीवर आपटल्यावर फुटते.

विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या गोणीबद्दल दोन शब्द, कारण कोणीतरी तुम्हाला तोच सल्ला देणार हे नक्की. ताकदीला तोड नाही. उभ्या-आडव्या पट्ट्या विणलेल्या असल्यामुळे एक तुटली तर फाट पुढच्या पट्टीवर अडते. पण त्याच कारणाने ती हाताने फाटतही नाही. उघडायचं तर शिलाईतूनच. साखळी टाक्याची शिलाई ही खरं तर सहज उघडण्याची अफलातून युक्ती आहे. बरोबर टोक ओढलं की सगळी शिलाई एका दमात उसवते. मेख एवढीच की ती एकाच टोकाने उसवते, शिलाई जिथे संपली तिथून. सुरुवातीच्या टोकाने ओढाल तर टाके आणखी घट्ट बसतात.

एकदा आम्ही गोणीवर छान बाण छापला, ‘इथून ओढा’. नमुने बघितले, पहिल्या झटक्यात उसवत होते. महिन्याभराने तक्रारींचा पाऊस. जाऊन पाहिलं तर भरणीच्या लाइनवर जागा सोयीची म्हणून गोणी उलट्या तोंडाने, मागची बाजू पुढे करून शिलाई मशीनमध्ये जात होती. शिलाई संपायची ती बाणाच्या विरुद्ध टोकाला. डिझाइनमध्ये चूक नव्हती आणि मशीन चालवणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून उघडण्याची खूण मी छापील कागदावर मंजूर करत नाही, भरून, शिवून आलेल्या पिशवीवर बघतो.

आता हाताकडे येऊ. चिमटीने ओढताना जोर घर्षणावर चालतो. अंगठा आणि बोट मिळून ५० न्यूटनची चिमटी धरली आणि फिल्म तेलकट किंवा गुळगुळीत असल्यामुळे घर्षणांक ०.२ पडला, तर दोन्ही बाजू मिळून फक्त २० न्यूटन ओढता येतात. त्यापुढे बोटं निसटतात. म्हणजे वर काढलेले २८ न्यूटन कागदावर सोपे वाटले तरी निसरड्या पिशवीवर ते हाताला मिळतच नाहीत. अशा वेळी सीलला दोष दिला जातो, दोष असतो जिभेचा. जीभ निदान २५ मिलिमीटर लांब ठेवा, तिच्यावर वार्निश किंवा चकचकीत छपाई नको, शक्य तर खरखरीत ठेवा. आणि त्याहून चांगलं म्हणजे बोट अडकेल असं भोक किंवा कडं. बोट अडकलं की चिमटीचा आणि घर्षणाचा प्रश्नच उरत नाही, सांधेदुखी असलेला माणूसही ओढू शकतो. आयएसओने २०१५ साली १७४८० या क्रमांकाचं मानक केवळ उघडण्याच्या सोयीवर काढलं. ते एकदा वाचा. पण त्याहून आधी, तुमच्या ऑफिसातले तरुण सोडून घरच्या वयस्क माणसाला पिशवी द्या, काही न सांगता, आणि लांब उभे राहून बघा. माणूस आधी कुठे हात घालतो हे बघणं सगळ्यात शिकवून जातं. निम्म्या वेळा बाण त्याला दिसलेलाच नसतो.

माल सांडण्याची तक्रार वेगळी धरा. ती बहुधा जोर जास्त लागण्याची नसते, जोर अचानक संपण्याची असते. माणूस जीव खाऊन ओढत असतो, सील एकदम सुटतं, दोन्ही हात दोन दिशांना जातात आणि माल तिसऱ्या दिशेला. म्हणून उघडण्याचा सरासरी आकडा बघू नका. सुरुवातीचा कमाल जोर आणि नंतर चालू राहणारा जोर यांत किती फरक आहे ते बघा. सुरुवातीला २५ आणि पुढे २० न्यूटन लागणारी पिशवी चांगली. सुरुवातीला ६० आणि पुढे १० लागणारी पिशवी सांडणारच, मग सरासरीत ती कितीही सोपी दिसो. टिअर टेपचा इथेही फायदा आहे: जोर सारखा लागतो, आणि एका हाताने पिशवी धरून दुसऱ्याने ओढता येते. शिवाय तोंडाशी मोकळी जागा हवी. माल सीलच्या चार बोटं खालीपर्यंत भरलेला असेल तर कुठलंच तोंड न सांडता उघडत नाही. पण ती जागा हवेने फुगलेली नको. फुगलेली पिशवी रचली की सगळ्या थप्पीचा भार हवेमार्फत सीलवर येतो. सील करण्याआधी हवा दाबून काढा. सूक्ष्म छिद्रं हाही मार्ग आहे, पण कोरड्या खाद्याला चरबीचा वास असतो आणि छिद्र म्हणजे किड्यांना आमंत्रण, त्यामुळे तुमच्या मालाला मी ते टाळेन.

उचलण्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या सूत्रात, सगळं आदर्श असताना, उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो धरली आहे. वाकून, अंगापासून लांब धरून उचलायचं तर ती झपाट्याने खाली येते. १५ किलोला हँडल द्यायचं असेल तर भोक कापलेलं हँडल तोंडाजवळ, टिअर टेपच्या वर ठेवा, म्हणजे उघडल्यावर ते कापून गेलं तरी चालेल. अर्थात मग रिकामी होत आलेली पिशवी हलवायला हँडल राहत नाही. बाजूच्या गसेटला पट्टीचं हँडल लावलं तर ती अडचण मिटते, खर्च वाढतो. तुमचा ग्राहक पिशवी गाडीपासून घरापर्यंतच नेतो की रोज हलवतो, त्यावर हे ठरवा.

चाचणी करताना फक्त बुडावर आपटू नका. बुडावर पडली की खालचा घेर ताणला जातो, वरच्या तोंडाला फार काही होत नाही, आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता. आडवी सपाट पडली की माल दोन्ही टोकांकडे धावतो आणि तोंडाच्या सीलला आतून ठोसा बसतो. तुमच्या ट्रकमध्ये बहुधा हेच झालं. त्यामुळे सपाट, कडेवर (जीभ असलेल्या कडेवर मुद्दाम) आणि डोक्यावर, तिन्ही. आणि ताज्या पिशव्यांवर एकदा, मग तेवढ्याच पिशव्या भाराखाली, उन्हाळ्यातल्या गोदामाच्या तापमानाला चार आठवडे ठेवून पुन्हा. दोन्हींत उघडण्याचा जोरही मोजा. मुरल्यावर काही चिकट पदार्थ ढिले पडतात, काही उलट आणखी धरतात.

मटेरियलचं राहिलं. आहे तेच लॅमिनेट ठेवा. टेपच्या पुरवठादाराकडून तुमच्या आतल्या थराला चिकटेल अशी टेप मागवा आणि पहिली चाचणी हाताने बनवलेल्या पन्नासेक पिशव्यांवर करा, मशीनला हात लावण्याआधी. उद्या पुनर्वापराच्या आग्रहाने तुम्हाला बाहेरही पॉलिथिलीनच घ्यावं लागलं, तर ओरखड्याचा मार्ग जवळजवळ बंद होईल, कारण लेसर शोषायला बाहेर पॉलिएस्टर उरणार नाही. टेप मात्र तेव्हाही चालेल, फक्त तीही पॉलिथिलीन जातीचीच घ्यावी लागेल आणि मग ती फिल्मपेक्षा पुरेशी मजबूत आहे का हे नव्याने तपासावं लागेल.

पुढचं सांगण्याआधी मला तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल: सध्याच्या सीलची उंची, आतल्या थराची जाडी, आणि ट्रकमध्ये उघडलेल्या पिशव्यांचं सील सरळ सुटलं होतं की सीलच्या कडेला फिल्मच फाटली होती. कडेला फाटली असेल तर तुमचं सील कमजोर नव्हतंच, जॉ फार गरम होता आणि कडेची फिल्म पातळ झाली होती. त्या पिशव्यांपैकी एखादी ठेवली असेल तर फेकू नका.